न मोडणारं शून्य

देवस्थळी सरांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या नाकाखाली धरला आणि मी तो बाजूला सारला. आमच्या प्रयोगशाळेत पेढ्याला नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडे टकामका बघायला लागले.

"अगं केतकी, पेढा आहे, एरंडेल नाही," सर म्हणाले.

"कशाचा पेढा, तेवढं सांगा आधी."

"शेहेचाळीस अंशांना अकरा सेल टिकले! शून्य हललंसुद्धा नाही. जाहिरातीची ओळही सुचलीय मला. तापातही शून्य!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बातमीवर दार लावून कपाळाला हात मारून घ्यायला हवा होता, तिच्यावर ही मंडळी पेढे वाटत होती. नीट सांगते, नाहीतर तुम्हीही पेढा उचलाल.

आमचा धंदा चिरडण्याचा. दोन हिरे घ्यायचे, त्यांची टोकं घासून केसाच्या जाडीएवढी सपाट करायची आणि टोकाला टोक भिडवायचं. मध्ये धातूचा पातळ पत्रा, पत्र्याला बारीक छिद्र, छिद्रात नमुना. मग चार स्क्रू हातानेच पिळायचे. जोर किती लागतो म्हणाल, तर लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडायला लागतो तेवढा. पण तो सगळा जोर केसाएवढ्या जागेवर येतो, आणि दाब म्हणजे जोर भागिले जागा, हे शाळेतलंच गणित. टाचणी बोटात घुसते आणि बोथट पेन्सिल घुसत नाही, ते याचमुळे. आमच्या त्या छिद्रात पृथ्वीच्या केंद्रात असतो त्याच्या निम्मा दाब असतो, आणि तो सेल मी ओढणीच्या टोकाला बांधून रिक्षाने घरी नेऊ शकते.

नमुना उचलायला चिमटा चालत नाही, तो चिमट्याला दिसतच नाही. दात कोरायच्या काडीला नेलपॉलिशने स्वतःच्या पापणीचा एक केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याने नमुना ढकलत ढकलत छिद्रात न्यायचा. ज्याचा केस त्याचा, कुणी कुणाला देत नाही. मी बारा वर्षं हेच करतेय. इथे मला 'भरणारी' म्हणतात.

आता शून्याचं. हायड्रोजन पोटात घेतलेला एक मिश्रधातू असा चिरडला की त्याच्यातून वीज विनाअडथळा वाहते. अडथळा शून्य. पूर्वी या चमत्काराला भयंकर थंडी लागायची. आमचा मिश्रधातू अंगाच्या उबेत चालतो, थेट त्रेचाळीस अंशांपर्यंत. त्याच्यावर गेलं की शून्य मोडतं, गार झालं की परत येतं. असा कण फार हळवा असतो. मेंदूतल्या विजेने जे पुसटसं चुंबकत्व तयार होतं, तेही त्याला कळतं. म्हणून आमच्या कंपनीने मुगाएवढा सेल बनवला, दाब कायमचा आत कोंडून. तो कानामागे कातडीखाली बसवायचा. फिट येणार असेल तर मेंदूची लय काही मिनिटं आधी बिघडते, सेल ती ओळखतो आणि कानाशी बझर वाजवतो. माणूस बाजूला होऊन बसतो, गाडी थांबवतो, पाण्यातून बाहेर येतो. या यंत्राचं नाव चाहूल.

इथवर सगळं छान. पण शून्य दोन तऱ्हांनी येतं. मीटर दोन तारांमधला फरक मोजतो. मधल्या पदार्थात खरंच अडथळा नसेल तर फरक शून्य. आणि त्या दोन तारा दाबाखाली सरकून एकमेकींना चिकटल्या, तरी फरक शून्यच! स्वतःची उंची स्वतःशीच मोजली तर फरक काय येणार? खरं शून्य गरम केलं की मोडतं. चिकटलेल्या तारांचं शून्य मोडत नाही, तुम्ही ते तव्यावर भाजा हवं तर.

मे महिन्यात एका रविवारी कपाटाच्या खोलीतला एसी बंद पडला. खोली शेहेचाळीस अंशांवर गेली. कपाटात पहिल्या तुकडीचे चाळीस सेल होते, माणसांना बसवलेल्यांचे सख्खे भाऊ. चाळीसही शून्यं मोडायला हवी होती. अकरा मोडली नाहीत.

म्हणजे ते अकरा टिकले नव्हते, ते कधीच मेले होते. त्यांच्यातला हायड्रोजन हळूहळू झिरपून पत्र्यावरच्या विजेला अडवणाऱ्या थरात शिरला होता, थर खचला होता आणि तारा चिकटल्या होत्या. असा मेलेला सेल कानामागे असेल तर तो ओरडत नाही. तो म्हणतो, सगळं शांत. आणि बॅटरी वाचवायची म्हणून चाहूल शांत मेंदूची नोंदच ठेवत नाही. चाचणी म्हणून हजार जणांना बसवून दोन वर्षं झाली, एकही बिघाड नाही असं आमचे लोक छाती फुगवून सांगत होते. दिसणार कसा बिघाड? बझर न वाजता कुणाला फिट आलीच, तर वाजल्याचं त्यालाच आठवत नसेल म्हणून सोडून द्यायचे. बिघडलेला सेलच सगळ्यांत शहाण्यासारखा वागत होता.

मग आजवर कुणी गरम करून का पाहिलं नाही? तर चालू सेलला हात लावायचा नाही, हा आमच्यातला सोवळ्याचा नियम. हाताने एक सेल भरायला महिना जातो, तापवला की हिऱ्यांवर ताण येतो, एखादा तडकला की महिना मातीत. कारखान्यात आता यंत्रं भरतात, पण नियम तोच राहिला. कुणाच्या चालू सेलजवळ साधा हेअर ड्रायर नेला तरी भांडण होतं.

आणि माझ्या धाकट्या भावाच्या कानामागे दोन वर्षांपासून चाहूल होती. पराग बस चालवतो. पुणे-भोर-महाड.

*

"तुझं म्हणणं मला मान्य नाही," देवस्थळी सर म्हणाले. आम्ही त्यांच्या खोलीत होतो. दार मीच लावलं होतं. "ते अकरा सेल उष्णतेने बिघडले असं फार तर म्हण. माणसाचं अंग शेहेचाळीसला कधी जातं?"

"उष्णतेने बिघडले असते तर आधी त्रेचाळीसला शून्य मोडलं असतं, मग बिघडले असते. आलेखात पायरी कुठाय? सरळ रेघ आहे. सकाळी थंड होते तेव्हाच मेलेले होते."

"किंवा हा नवा गुण आहे. काही सेलमध्ये मिश्रधातूने वेगळी रचना घेतली असेल. असं होतं, केतकी! तुला मीच शिकवलंय ना हे?"

सर लबाड नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. लबाड असते तर सोपं होतं. तीस वर्षं एका शून्यामागे धावलेला माणूस, त्याला प्रत्येक शून्य आपलंच लेकरू वाटत होतं.

"गुरुवारी सुनावणी आहे," ते म्हणाले. "देशभर विक्रीची मंजुरी. तू प्रमुख भरणारी. सेल ठणठणीत आहेत, एवढं एक वाक्य तू बोलायचंस. आणि परागची काळजी असेल तर त्याला नवा सेल मी स्वतः निवडून बसवतो. परवाना राहील, नोकरी राहील."

"आणि बाकीच्यांचं काय?"

"आधी बाजारात जाऊ दे. मग सुधारू की."

"मी नाही म्हणणार ते वाक्य."

"मग शुक्रवारी तू इथे नसशील."

"नसेन तर नसेन," मी म्हटलं.

*

परागला पहिली फिट नवव्या वर्षी आली. तेव्हापासून आमच्या घरात न्हाणीघराची कडी नव्हती. आईनेच काढून टाकली. तो तीस वर्षांचा होईपर्यंत दाराबाहेर आई नाहीतर मी उभी असायची, दर दोन मिनिटांनी "पराग?" आणि आतून वैतागलेलं "आहे!" चाहूल बसवल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर बाजारातून पितळी कडी आणली, स्वतः ठोकली आणि आत तासभर गात बसला. मग गाडी शिकला. घाटात दरडी कोसळतात म्हणून आपोआप चालणाऱ्या बसना तिथे बंदी आहे, माणूस लागतो. तिथल्या एका खासगी बससेवेने चाहूलच्या भरवशावर त्याला घेतलं. पोरगं खाकी शर्टाला स्वतः इस्त्री करायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्रजच्या थांब्यावर गेले. पिशवीत शेकायची रबरी पिशवी, गरम पाण्याने भरलेली, टॉवेलात गुंडाळून.

"शेक? आत्ता? तायडे, बस भरलीय," पराग खिडकीतून म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं, थोडक्यात, खालून ओरडत. कानामागे शेक दे, सेल जिवंत असेल तर त्याचं शून्य मोडेल आणि बिघाडाचा लांब बझर वाजेल. नाही वाजला तर तो मेलाय.

"आणि मेला असेल तर?"

"तर तू खाली उतरायचं."

त्याचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "तुम्हाला दोघींना मला धड जगू द्यायचंच नाहीये! आधी कांदा हुंगवलात, मग कडी काढलीत, आता शेक! मी आकडीवाला पराग नाही राहिलो आता, मी ड्रायव्हर आहे. हो बाजूला."

"तुझ्यामागे चाळीस माणसं बसलीत रे!"

"माहितीय मला, तिकिटं त्यांनी माझ्या बसची काढलीत," तो म्हणाला आणि बस सुरू केली.

मग मी काय केलं ते आजही आमचे नातेवाईक लग्नाकार्यात सांगतात. मी बसच्या पुढे जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून, एका हातात ती रबरी पिशवी. मागून रिक्षावाले हॉर्न बडवायला लागले. बसमधून एक आजोबा ओरडले, "ओ बाई, मरायचं असेल तर दुसऱ्या बसखाली मरा, मला महाडला लग्न आहे!"

पराग धाडकन खाली उतरला. "लाव," तो म्हणाला. दात ओठ खात होता. "लाव ती पिशवी आणि एकदाची नीघ इथून."

मी पिशवी त्याच्या कानामागे दाबली. तो दुसरीकडे बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती. वेळ जात होता आणि काहीच वाजत नव्हतं. आणि मग बझर वाजला. लांब, सलग, शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येईल असा. पिशवी काढल्यावर थोड्या वेळाने थांबला.

"जिवंत आहे," मी म्हटलं. मी रडत होते बहुतेक.

"झालं समाधान? भर रस्त्यात आब्रू काढलीस." तो चढला, दार लावलं आणि बस काढली. मागच्या खिडकीतून ते आजोबा माझ्याकडे बघून हात जोडत होते. राग होता की गंमत, कळलं नाही.

रात्री मी फोन केला, त्याने उचलला नाही. मला कळत होतं की मी गुरुवारी तोंड उघडलं तर त्याची चांगली चालणारी चाहूलही बाद होणार. हे त्यालाही कळलं होतं. तो मूर्ख नाही.

*

सुनावणीच्या अध्यक्ष डॉ. रुक्साना मणेर होत्या, मेंदूच्या डॉक्टर, मूळच्या सांगलीच्या. आवाज मऊ, प्रश्न टोकदार. समोर आमची कंपनी, मागे बघे. टेबलावर कारखान्यातून आलेली सीलबंद पेटी, तिच्यात वर्षभर जुने सहा सेल. देवस्थळी सरांनी स्वतः तापवायची तबकडी आणली होती. त्यांना सगळ्या देशासमोर ती ओळ सिद्ध करायची होती.

त्यांनी सहाही सेल तबकडीवर ठेवले. मोठ्या पडद्यावर सहा रेघा, सगळ्या शून्यावर. त्रेचाळीसला चार रेघा टुणकन वर उडाल्या. दोन तशाच राहिल्या. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस. दोन तशाच.

"पाहा!" सर म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "तापातही शून्य! हे दोन नव्या पिढीचे."

मी उभी राहिले. "अध्यक्ष बाई, मी यांची प्रमुख भरणारी. मला दोन मिनिटं द्या."

"केतकी, खाली बस," सर हळू आवाजात म्हणाले.

"बोलू द्या त्यांना," मणेर बाई म्हणाल्या.

आमच्याकडे एक नकली डोकं असतं. प्लास्टिकची कवटी, आत मिठाचं पाणी आणि बारीक वेटोळी, त्यातून खऱ्या रुग्णाच्या फिटची लय वाजवता येते. ते मी कंपनीच्या सामानातून उचलून टेबलावर आणलं. सेल गार होऊ दिले. मग ज्यांची शून्यं मोडली होती ते चार एकेक करून त्या डोक्याच्या कानामागे ठेवले आणि फिट चालू केली. चारही बोंबलले. मग सरांचे ते दोन नव्या पिढीचे ठेवले.

काही नाही. डोक्यात वादळ चालू होतं आणि सेल म्हणत होते, सगळं शांत.

"हे दोन टिकलेले नाहीत," मी म्हटलं. "यांच्या तारा चिकटल्यात. जे मोडत नाही ते इथे मेलेलं असतं. आणि असे किती लोकांच्या कानामागे आहेत, ते आज कुणालाही माहीत नाही. मलाही नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. देवस्थळी सरांनी ते दोन सेल उचलून उलटसुलट करून पाहिले. मग सावरले. "मान्य करू क्षणभर," ते म्हणाले. "पण पुढे काय? कातडीखालचा सेल तापवणार कसा? रक्त वाहतं, ते उष्णता वाहून नेतं. तपासायचा तर ऑपरेशन करून काढावा लागेल. हजार लोकांची हजार ऑपरेशनं? एका संशयापायी? त्यापेक्षा आहे तसं चालू ठेवणं शहाणपणाचं."

मणेर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते रस्त्यातलं होतं, सुनावणीत सांगण्यासारखं नव्हतं. एका माणसाचं, साक्षीदार चाळीस प्रवासी आणि एक आजोबा.

"शेक द्यायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

पराग उभा होता. खाकी शर्ट, कडक इस्त्री. तो पुढे आला, माझ्याकडे बघितलंही नाही. हातात रबरी पिशवी होती, माझ्या पिशवीसारखीच, पण नवी कोरी, दुकानाची चिठ्ठी लोंबत असलेली. खालच्या कँटीनमधून गरम पाणी भरून आणलं होतं. खुर्ची ओढून बसला आणि पिशवी स्वतःच कानामागे धरली.

थोड्या वेळाने तो लांब बझर वाजला.

"हा असा," पराग म्हणाला. "ऑपरेशन नको, काही नको. मेडिकलच्या दुकानात पिशवी मिळते. माझा सेल बरा आहे, वाजला. ज्याचा वाजणार नाही त्याचा काढा."

मणेर बाई पुढे वाकल्या. "तुमचं नाव?"

"पराग आमडेकर. ही माझी बहीण. मी बस चालवतो."

"तुमचा सेल चांगला आहे. ही यंत्रं थांबली तर सगळ्यांत जास्त तुमचं जाईल. मग तुम्ही का आलात?"

"बाई, दोन वर्षं घाटात बझर वाजत नव्हता, तेव्हा मला बरं वाटायचं. शांत आहे म्हणजे मी बरा आहे. परवा हिने रस्त्यात शेक दिला. तेव्हापासून घाटात बझर वाजत नाही की मला घाम फुटतो. वाजत नाही तो बरा आहे म्हणून, की मेलाय म्हणून? मागे माणसं डुलक्या काढत असतात. माझ्या भरवशावर. फार राग आला मला हिचा. अजून आहे. पण अशी बस मला नाही चालवायची."

निकाल तासाभरात झाला. विक्रीला मंजुरी नाही. ज्यांना चाहूल बसवलीय त्या सगळ्यांना शेक देऊन तपासायचं. आणि नवा, खात्रीचा सेल येईपर्यंत चाहूलच्या भरवशावर दिलेले सगळे वाहन परवाने स्थगित.

"माझाही?" परागने विचारलं.

"तुमचाही," मणेर बाई म्हणाल्या. त्यांना ते जड गेलं, दिसत होतं. "आज वाजला. उद्याचं कोण सांगणार?"

"बरोबर आहे," पराग म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात देवस्थळी सर भेटले. एका दिवसात म्हातारे दिसायला लागले होते. मला वाईट वाटलं असतं, पण ते म्हणाले, "शेवटी स्वतःच्या भावाच्याच पोटावर पाय दिलास, केतकी."

माझ्याआधी परागच बोलला. "सर, नुकसान माझं झालंय. त्याचं रडगाणं तुम्ही नका गाऊ."

*

दुपारच्या महाडच्या बसची आम्ही दोन तिकिटं काढली. त्याच्याच बसची. का, ते मी विचारलं नाही, तो चढला म्हणून मीही चढले. चालकाच्या जागी सलगर नावाचा त्याचा सहकारी होता. पराग त्याच्या मागच्या सीटवर बसला, मी शेजारी. कंडक्टरने परागला ओळखलं, तिकिटं फाडली आणि पुढे गेला.

भोर गेलं, घाट लागला. वळण आलं की परागचा उजवा पाय खाली दाबला जायचा. प्रत्येक वळणाला. त्याला ते कळतही नव्हतं. मी बघत होते आणि मला रडू आवरेना, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"रडतेस काय?" तो खेकसला. "तुला काय वाटलं, संपलं? त्या सीटवर मी परत बसणार आहे. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून बसणार आहे. तू नवा सेल बनव. न खचणारा बनव."

"कुठे बनवू? मला शुक्रवारपासून नोकरी नाही. हिरे नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही, काही नाही."

"ते तुझं तू बघ," पराग म्हणाला. "माझी नोकरी मी दिली. आता तुझी पाळी."

मी डोळे पुसले. "थर बदलावा लागेल पत्र्यावरचा," मी म्हटलं. "हायड्रोजन जिथून झिरपतो ना, तिथेच अडवायचा."

"मग सांग की, कसा अडवायचा ते."

महाड येईपर्यंत मी त्याला सांगत होते, आणि तो मध्येच पुढे वाकून सलगरला ब्रेक उशिरा दाबल्याबद्दल शिव्या घालत होता.